नाकाबंदी

मतभेदासाठी विषय केवढा मोठा असावा लागतो, याविषयी ज्यांची कल्पना सरहद्द, वतन आणि वारसाहक्क यांच्यापाशी येऊन थांबते, त्यांनी सुगी आटोपल्यानंतरच्या एखाद्या रविवारी सकाळी बेळगावच्या आसपासच्या मोकळ्या झालेल्या शिवारात, छोटी विमाने उडवणाऱ्या शौकिनांची जी बैठक भरते, तिच्यात तासभर बसून पाहावे. वास्तविक या मुलखात वादाची टंचाई कधीच नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला आणि तेव्हापासून ती एकच तारीख एका गल्लीत राज्योत्सव म्हणून आणि पलीकडच्या गल्लीत काळा दिवस म्हणून पाळली जाऊ लागली. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, पुढच्याच वर्षी त्याचा अहवाल आला, आणि २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरी दाखल झाले. इतका भरभक्कम, पिढीजात आणि दस्तऐवजांनी समृद्ध असा वाद घरात असताना येथील माणसाने आणखी एक वाद पदरमोड करून का उभा करावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण एवढेच की, मोठा वाद न्यायप्रविष्ट असल्यामुळे त्याचा निकाल आपल्या हाती नाही, आणि माणसाला अधूनमधून आपल्या हयातीत निकालात निघू शकेल असा एखादा वाद हवाच असतो.

तर तो वाद असा: रेडिओच्या लहरींवर हुकूम मानणाऱ्या चिमुकल्या विमानाच्या इंजिनाला, नेमके सांगायचे तर त्या इंजिनाच्या कार्बुरेटरच्या तोंडाला, हवा गाळणारा फिल्टर बसवावा की बसवू नये?

ज्यांनी हे इंजिन पाहिलेले नाही त्यांच्या माहितीसाठी सांगितले पाहिजे की, ही वस्तू तळहातावर सहज मावते, परंतु तिचा आवाज दोन शिवारे ओलांडून जातो. नेहमीच्या गाडीच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. इथे प्लॅटिनमच्या बारीक तारेचे वेटोळे असलेला ग्लो प्लग असतो. सुरुवातीला बॅटरीने त्याला तापवायचे, आणि एकदा इंजिन चालू झाले की बॅटरी काढून घ्यायची. मग मेथिल अल्कोहोलची वाफ प्लॅटिनमला लागून आणि आतल्या स्फोटांच्या उष्णतेने ती तार स्वतःच लाल राहते. इंधनात मेथिल अल्कोहोल, ऐपतीप्रमाणे थोडे नायट्रोमिथेन, आणि वंगणासाठी तेल. जुन्या मताचे शौकीन हे तेल एरंडेलच असले पाहिजे, असा आग्रह धरतात. एन.सी.सी.च्या हवाई शाखेत ज्यांनी कलकत्त्याची अरोरा इंजिने दोरीने बांधलेल्या विमानांवर गरगर फिरवली, ती मंडळी तर जळलेल्या एरंडेलाचा वास आला की अत्तराचा फाया नाकाशी धरल्याप्रमाणे डोळे मिटून घेतात. याउलट ज्यांना लहानपणी दर महिन्याच्या एका रविवारी आजीच्या देखरेखीखाली हेच द्रव्य प्राशन करावे लागले, ते प्रेक्षक त्याच वासाने कोणी न सांगता चार पावले मागे सरतात. विमानाभोवती सुरक्षित अंतर राखण्यासाठी आमच्याकडे त्यामुळे दोरी बांधावी लागत नाही.

आता या इंजिनाच्या श्वासाचा हिशोब पाहू. विमानाचे ६.५ घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १२,००० फेरे घेऊ लागले, आणि दर फेऱ्याला त्याने एक पूर्ण श्वास घेतला असे कागदावर धरले, तर एका मिनिटात ७८ लिटर हवा त्याच्या पोटात जाते. जमिनीवर धावणाऱ्या छोट्या मोटारीचे इंजिन त्याहून लहान, ३.५ घनसेंटिमीटरचे, पण ते ३०,००० फेऱ्यांपर्यंत उड्या मारते, म्हणजे त्याचा हिशोब १०५ लिटरांवर जातो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. तेव्हा आगपेटीपेक्षा थोडे मोठे असे हे यंत्र, बैठकीला जमलेल्या दहा-पंधरा सभासदांनी मिळून घ्यावी तेवढी हवा एकटे घेते. आणि सभासद बोलताना श्वास घ्यायला थांबत नाहीत हे लक्षात घेता, कदाचित अधिकही घेत असेल.

ही हवा कुठली, हा पुढचा प्रश्न. निपाणी-चिकोडीकडची जमीन काळी. तेथली धूळ वैशाखात उठते तेव्हा पांढऱ्या धोतराला राखेची छटा येते. बेळगाव-खानापूरकडची माती तांबडी, जांभ्या दगडाच्या वंशातली, लोहाच्या ऑक्साइडने रंगलेली. ती नुसती बसत नाही, वहिवाटीचा हक्क सांगते. महामार्गावरून जाणाऱ्या ट्रकांमागे, विटांच्या भट्ट्यांवर, गुऱ्हाळाच्या वाटेवर, नव्या वसाहतीच्या अर्ध्या राहिलेल्या रस्त्यावर जी धूळ उठते तिच्यात वाळूचे, म्हणजे सिलिकाचे, सूक्ष्म कण असतात. खनिजांच्या काठिण्याच्या मोस-श्रेणीत या सिलिकाचा क्रमांक सातवा, तर ॲल्युमिनियम तिसऱ्या पायरीच्याही खाली. इंजिनातला दट्ट्या नेमका ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. तो ज्या नळीत वरखाली होतो, ती पितळेची आणि आतून क्रोमचा मुलामा दिलेली. दोघांची बसणी इतकी बेताची की दट्ट्याला रिंगही लागत नाही. त्या बेतात एरंडेलात कालवलेली तांबडी धूळ शिरली म्हणजे आत काय होत असेल, हे ज्याने काचकागदाने कधी लोखंड घासले आहे त्याला समजावून सांगावे लागू नये.

परंतु समजावून सांगावे लागते. वादाचा जन्म तेथेच आहे.

आमच्या बैठकीत विमानपक्षाचे नेतृत्व एक निवृत्त प्राध्यापक करतात. अभियांत्रिकी महाविद्यालयात तीस-एक वर्षे द्रवगतिकी शिकवल्यामुळे, समोरचा माणूस द्रव आहे आणि योग्य दाब दिल्यास तो योग्य दिशेने वाहील, असा त्यांचा दृढ विश्वास आहे. फिल्टरपक्षाची धुरा एका दंतवैद्यांकडे आहे. ते विमान उडवत नाहीत, छोटी मोटार पळवतात, आणि तीही मातीतच. दोघांचा स्नेह जुना असून, एकमेकांचे म्हणणे पूर्ण ऐकून न घेण्याचा करार दोघेही निष्ठेने पाळतात.

"अहो डॉक्टर, विमान उडतंय कुठं? आकाशात," प्राध्यापक हात वर करून आकाश दाखवतात; कोणाला ठाऊक नसेल म्हणून. "आकाशात धूळ आली कुठनं?"

"आकाशात जायच्या आधी ते जमिनीवरच असतंय की, सर. आणि परत येतंय तेही जमिनीवरच. तुमचं तर जरा जोरातच येतंय."

या शेवटच्या वाक्याला उत्तर नसल्यामुळे प्राध्यापक शास्त्राकडे वळतात. त्यांचे शास्त्र चुकीचे नाही, हे न्यायाने म्हटले पाहिजे. कार्बुरेटरच्या तोंडावर काहीही बसवले की हवेला अडथळा होतो. हवा कमी आणि इंधन तेवढेच, त्यामुळे मिश्रण दाट होते, इंजिनाचा जोर उतरतो, आणि सुईची फिरकी पुन्हा जुळवावी लागते. शिवाय फिल्टर जसा धुळीने भरत जातो तशी ही जुळणीही सरकत जाते. विमान दोनशे फुटांवर असताना इंजिन गुदमरले तर खाली उतरून सुई फिरवण्याची सोय नसते. "त्यापेक्षा," प्राध्यापक म्हणतात, "मोकळा श्वास घेऊ द्यावा."

डॉक्टरांचे शास्त्रही चुकीचे नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. विमानाचा पंखा जमिनीपासून दोन-चार बोटांवर फिरतो. धावपट्टी म्हणून निवडलेली जागा म्हणजे कालपरवापर्यंत हरभऱ्याचे रान. पंखा मागे जो झोत फेकतो त्याने तेथे वावटळ उठते. आणि कार्बुरेटर बसवलेला असतो तो बरोबर पंख्याच्या मागे, त्या वावटळीच्या तोंडाशी. उडण्यापूर्वीची जुळवाजुळव, पुढे-मागे नेणे, मित्रांना आवाज ऐकवणे, "आता बघा हं" असे म्हणून पुन्हा बंद पाडणे, या सगळ्यात जाणारा वेळ पाहिला तर विमान आकाशात कमी आणि धुळीत जास्त असते. आणि उतरताना नाक खुपसून, इंजिन चालू असतानाच, मातीत घुसणाऱ्या विमानांच्या बाबतीत तर कार्बुरेटर हवा ओढतो की शेत ओढतो, हे ठरवणे कठीण.

सरकारने या प्रश्नात लक्ष घातले असते तर बरे झाले असते. २०२१ च्या ड्रोन नियमांत करमणुकीसाठी उडवायच्या नमुना-विमानांचा विचार आहे, त्यांच्या वजनाची मर्यादा आहे, ती नजरेच्या टप्प्यात ठेवावीत असा दंडक आहे. परंतु त्यांच्या नाकातोंडात काय जावे याविषयी एक अवाक्षर नाही. त्यामुळे दोन्ही पक्षांना पुराव्यासाठी इतिहासाकडे धाव घ्यावी लागते. बेळगावजवळचा सांबऱ्याचा विमानतळ १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, इंग्रजांच्या हवाई दलाने बांधला. हे निमित्त धरून प्राध्यापकांनी एकदा त्या काळची स्पिटफायर विमाने बैठकीत आणली. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात आणि माल्टावर लढण्यासाठी स्पिटफायरच्या हनुवटीखाली व्होक्स कंपनीचा एक अगडबंब फिल्टर बसवला गेला. त्याने त्या देखण्या विमानाला गलगंड झाल्यासारखे रूप आले आणि वेग घटला. "बघा," प्राध्यापक म्हणाले, "फिल्टरनं स्पिटफायरचासुद्धा जोर गेला!" डॉक्टरांनी तोच पुरावा शांतपणे आपल्या बाजूला ओढून घेतला. वैमानिकांनी त्या फिल्टरला शिव्या घातल्या हे खरे. परंतु फिल्टर काढून फेकून देण्याऐवजी इजिप्तमधल्या अबुकीरच्या कार्यशाळेने त्याहून लहान आणि सुटसुटीत फिल्टर तयार केला, म्हणजे फिल्टर हवाच होता, फक्त बरा हवा होता! एकाच कागदातून परस्परविरुद्ध दोन निकाल काढण्याची विद्या या भागात जुनी आहे; त्यामुळे सभेला यात काही विचित्र वाटले नाही.

या वादात वस्तुनिष्ठ म्हणावा असा एकच साक्षीदार पुढे आला, तो बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतला एक मेस्त्री. प्राध्यापकांच्या इंजिनाचा 'खट्' हा आवाज गेला होता. निरोगी इंजिनाचा पंखा बोटाने फिरवला की दाबाच्या जागी तो अडतो आणि मग खटकन् पुढे जातो. हा पंखा आता बिनतक्रार गोल फिरे, आणि थंडपणी कसेबसे चालू झालेले इंजिन एकदा तापले की पुन्हा म्हणून चालू होत नसे. मेस्त्रींच्या लेथच्या शेजारी भिंतीपलीकडे ओतशाळा. तिच्या साच्यांच्या वाळूचा एक पातळ थर टेबलावर, दिनदर्शिकेवर, गणपतीच्या तसबिरीच्या काचेवर आणि मेस्त्रींच्या भुवयांवर सारखाच बसलेला. त्यांनी चार स्क्रू काढून मागचे झाकण उघडले, दट्ट्या बाहेर घेतला, रॉकेलच्या वाटीत बुडवून पुसला आणि खिडकीच्या उजेडात धरून त्यावरून अंगठ्याचे नख आडवे हळूच ओढले. नख जागोजाग अडले. दट्ट्याच्या अंगावर उभे बारीक ओरखडे होते, आणि जेथे आरशासारखी झळाळी असायची तेथे मळकट करडेपणा आला होता.

"सर, ह्यात वाळू गेलीय बघा."

"वाळू कुठली? आम्ही फक्त हवा दिली."

"हवा दिलीसा, पण वाळूसकट दिलीसा की!"

मेस्त्रींची मातृभाषा कन्नड. पण निकालपत्र त्यांनी वादीच्या भाषेत दिले, यावरून त्यांची न्यायबुद्धी दिसून येते. मला मात्र त्यानंतर घडलेली एक लहानशी गोष्ट अधिक लक्षणीय वाटली. दट्ट्या टेबलावर ठेवता ठेवता मेस्त्री थांबले, टेबलावरची वाळू त्यांनी तोंडाने फुंकली, ती उडून त्यांच्याच चेहऱ्यावर आली, आणि मग त्यांनी दट्ट्या एका स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिला गाठ मारली. "हितं धूळ लई, सर. पार्टाला बाधती," असे म्हणून ते दोनदा खोकले आणि पुन्हा लेथकडे वळले.

या निकालानंतर विमानपक्षातही फूट पडून एक मध्यममार्गी गट निर्माण झाला. फिल्टर तर हवा, पण परदेशाहून मागवलेला महाग फिल्टर नको, अशी त्यांची भूमिका. आणि घरात जे हाताला लागेल त्याने कार्बुरेटरचे तोंड झाकायचे, हा कार्यक्रम. पहिल्या प्रयोगात चहाच्या गाळणीची जाळी कापून बसवली. तिच्यातून चहाची भुकटी अडत असेल, पण आमची धूळ भुकटीहून शतपटींनी बारीक असल्याने ती हसत हसत आत गेली. दुसऱ्याने औषधाचा कापूस लावला. इंजिनाने तो एका श्वासात गिळला आणि पुढे तीन दिवस पचवला नाही. तिसऱ्याने मुलीच्या गणवेशातला पायमोजा ताणून बांधला. त्यातून वारा जाईना. विमान धावपट्टीवर गुरगुरत बसून राहिले, आणि सोमवारी मुलीला शाळेत एका पायमोज्याचा खुलासा लेखी द्यावा लागला. चौथ्याने भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा लावला. त्या स्पंजची छिद्रे एकमेकांत पुरेशी मोकळी उघडत नव्हती, त्यामुळे हवेचीही वाट कोंडली.

खरा फिल्टर जो असतो तो उघड्या छिद्रांच्या पॉलियुरेथेन फोमचा, बहुधा दोन थरांचा: बाहेर जाड्या छिद्रांचा थर, आत बारीक छिद्रांचा. त्याला चिकट तेल पाजून, पिळून, मग बसवायचे. कारण नुसता कोरडा फोम फारसे काही अडवत नाही, वेड्यावाकड्या वाटेने जाणारे धुळीचे कण त्या तेलाला चिकटतात, म्हणून हवा स्वच्छ होते. तेल सुकले की पहारा संपला. आणि फोम जुना झाला की तो कडक होऊन त्याचा भुगा पडू लागतो आणि इंजिन तोच ओढून घेते. म्हणजे धुळीपासून राखण्यासाठी नेमलेला पहारेकरीच तिजोरीत शिरतो. असल्या पहारेकऱ्याला वेळीच पेन्शनीत काढावे लागते. डॉक्टर दर खेळानंतर फोम धुतात, वाळवतात, पुन्हा तेल पाजतात, आणि काही खेळांनंतर तो बदलतात. आपल्या रोग्यांना दिवसातून दोनदा दात घासा म्हणून सांगून थकलेल्या माणसाला, सांगितलेले निमूटपणे करून घेणारे एक तरी तोंड भेटल्याचा आनंद त्यांच्या मुद्रेवर त्या वेळी स्पष्ट दिसतो.

हे तेलाचे तत्त्व आमच्या भागाला नवे नव्हे, हे ध्यानात आणून दिले ते ज्यांच्या रानात आम्ही विमाने उडवतो त्या शेतकऱ्यांनी. बांधावर उकिडवे बसून ते दोन्ही पक्षांचे बराच वेळ ऐकत होते. "अण्णा, तुम्हाला काय वाटतंय?" असे कोणीतरी सौजन्याने विचारले.

"माझ्या विहिरीवरच्या जुन्या इंजनाला तेलाची वाटी असती," ते म्हणाले. "हवा त्या तेलावरनं वळून आत जाती, धुरळा खाली बसतो. सुगीत वाटी बघितली तर तळाला चिखल असतोय. तुमच्या इंजनाला का न्हाई वाटी?"

सभा स्तब्ध झाली. ऑइल बाथ एअर क्लीनर या नावाने ही युक्ती प्राध्यापकांनी निश्चितच शिकवली असणार. परंतु शिकवलेली गोष्ट स्वतःला लागू करण्याची परीक्षा विद्यापीठे घेत नाहीत. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच बेळगावात सायकलींचे दुकान काढून यंत्रांच्या धंद्याला आरंभ केला, पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले, आणि नगरपालिकेने जागा सोडायला सांगितल्यावर १९१० साली औंध संस्थानात जाऊन किर्लोस्करवाडी वसवली, त्यांच्या घराण्याच्या तेल-इंजिनांनी दख्खनच्या शेतकऱ्याला हा धडा केव्हाच दिला होता. यंत्रविद्येचा एवढा मोठा कारखानदार गावाबाहेर घालवून त्याच्या नावाचा रस्ता मात्र गावात ठेवणाऱ्या शहराने त्याचा धडाही विसरावा, यात विसंगती नाही.

फिल्टरच्या स्वरूपाचा विचार करताना मला स्वतःला नेहमी कोगनोळीचा नाका आठवतो. कागलकडून निपाणीला येताना राज्याची हद्द जेथे बदलते, तेथला हा नाका म्हणजे पुणे-बंगळूर महामार्गाच्या तोंडावर बसवलेला फिल्टरच होय. आणि फिल्टरचे सर्व गुणदोष त्याच्या ठायी पाहायला मिळतात. कधी तो इतका सैल असतो की काय गेले आणि काय आले याचा त्यालाच पत्ता नसतो. कधी तो इतका दाट होतो की, २०२१ सालच्या साथीत झाले त्याप्रमाणे, कोल्हापूरच्या दवाखान्यात जाऊन आलेल्या निपाणीकराला स्वतःच्या घरी जाण्यासाठी तपासणीचा दाखला दाखवावा लागतो. सीमाप्रश्न तापला म्हणजे तर तो पुढाऱ्यांना अडवतो आणि घोषणा मात्र सोडून देतो. वास्तविक धूळ कशात अधिक, हा मतभेदाचा विषय आहे. उत्तम नाका कोणता? ज्याला अडवायचे त्याला अडवून बाकीच्यांचा प्रवास ज्याच्यामुळे खोळंबत नाही तो. हीच व्याख्या उत्तम फिल्टरला लागू पडते, आणि दोन्ही वस्तू सारख्याच दुर्मिळ आहेत.

याच नाक्यावर आमच्या एका तरुण सभासदाच्या गाडीत इंधनाचा कॅन सापडला. मेथिल अल्कोहोल हे शब्द ऐकताच बंदोबस्तावरील अंमलदारांच्या चेहऱ्यावर कर्तव्याचे तेज चढले. "साहेब, हे पिण्याचं नव्हे, विष आहे, माणूस आंधळा होतो," असे त्याने परोपरीने सांगितले. परंतु या मुद्द्याने संशय फिटण्याऐवजी वाढला, कारण पंचनाम्यात असली वाक्ये त्यांनी पुष्कळदा लिहिली होती. अखेर अंमलदारांनी झाकण उघडून स्वतः वास घेतला. एरंडेलाने आपले काम केले. वय विसरून ते दोन पावले मागे सरले आणि काही न बोलता हाताने 'जा' अशी खूण केली.

निपाणीचे जे सभासद आहेत ते तंबाखूचे व्यापारी. स्वतःची वखार आहे. त्यांचे इंजिन जपानचे, ओसाकाच्या ओ.एस. कंपनीचे, त्यावरचा फिल्टर दुहेरी, त्याचे तेल निराळे, आणि ते तेल लावण्यासाठी हातमोजे निराळे. विमान डब्यातून काढताना कार्बुरेटरवर ते आधी एक छोटी टोपी घालतात, आणि उडवण्याच्या क्षणापर्यंत ती काढत नाहीत. एकदा त्यांनी आम्हाला चहाला बोलावले आणि अगत्याने वखार दाखवली. विडीच्या तंबाखूसाठी निपाणी प्रसिद्ध. वाळलेला पाला येथे कुटला जातो, पाखडला जातो, चाळला जातो. आत पाऊल टाकले मात्र, आम्ही सगळे एकदम शिंकू लागलो. उन्हाच्या तिरिपेत पिवळसर भुकटी दाटून उभी होती. तिच्यात बायका ओळीने बसून मोठ्या चाळण्या हलवत होत्या. प्रत्येकीने पदर नाकातोंडावरून घेऊन मानेमागे गाठ मारली होती. एकीने चाळणी खाली ठेवली, गाठ सोडली, पदर दोनदा झटकला, उलटून कोरडी बाजू आत घेतली आणि पुन्हा बांधला; या सगळ्याला दोन श्वासही लागले नसतील. फोम बदलण्याची डॉक्टरांची पद्धत मी पाहिली आहे. तिच्यात एवढी सफाई नाही.

डॉक्टरांना व्यवसायाच्या सवयीने राहवले नाही. "शेठ, यांना काही मास्क वगैरे?"

"नाही लागत डॉक्टर," शेठ नाकाला रुमाल लावून म्हणाले. "आमच्या बायका सवयीच्या आहेत."

बाहेर आल्यावर शेठनी मोटारीची डिकी उघडून विमानाच्या डब्यावरची चादर नीट खोचली. वखारीच्या दारात डबा उघडा ठेवू नये, एवढी काळजी त्यांनी आधीच घेतली होती. तंबाखूची धूळ फार बारीक असते, फिल्टरलाही दाद देत नाही, असे त्यांनी आम्हाला जाणकाराच्या स्वरात समजावून सांगितले. प्राध्यापकांनी मान डोलावली. त्यानंतर आम्ही सगळे चहा प्यायलो, आणि चहावर ज्यांना तंबाखू लागते त्यांनी शेठच्याच वखारीची तंबाखू, चुना लावून, चोळून, तळहातावर दोन थापट्या मारून, भुकटी एकमेकांच्या दिशेने उडवून, तोंडात टाकली.

यथावकाश बैठकीने हा प्रश्न ठरावाने निकालात काढला. ठराव असा की, जमिनीवर चालणाऱ्या सर्व वाहनांना फिल्टर सक्तीचा. विमानांना ऐच्छिक, परंतु तांबड्या मातीच्या मोसमात शिफारसपात्र. तेल न लावलेला फिल्टर हा फिल्टर समजला जाणार नाही. आणि पायमोजे वापरण्यास मनाई. प्राध्यापकांनी विरोध नोंदवून सही केली, आणि दुसऱ्याच रविवारी त्यांच्या नव्या दट्ट्याच्या इंजिनावर दोन थरांचा फोम दिसला. तो प्रयोगादाखल आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. ठरावाला एक पुरवणी जोडावी, सभासदांनीही रानात तोंडाला रुमाल बांधावा, अशी सूचना डॉक्टरांनी मांडली होती. तिला अनुमोदन मिळाले नाही. रुमाल बांधला तर वाद कसा घालायचा, हा आक्षेप सर्वांनाच पटला, डॉक्टरांनाही.

एरवी बुद्धिमान असलेली ही माणसे चिमूटभर धुळीपासून साडेसहा घनसेंटिमीटरचे यंत्र जिवापाड जपतात आणि स्वतःची, मेस्त्रींची, चाळणीवरच्या बायकांची छाती मात्र उघड्यावर टाकतात, याचे मला बरेच दिवस कोडे होते. आता त्याचा हिशोब मला कळतो. इंजिनाच्या पोटात धूळ गेली की ते बंद पडते. मग नवा दट्ट्या मागवावा लागतो, पैसे जातात, रविवार फुकट जातो. माणसाच्या पोटात धूळ गेली तर तो दोनदा खोकतो आणि पुन्हा कामाला लागतो. पहिल्याच दिवशी बंद पडून मालकाचे नुकसान करण्याची जी व्यवहारचतुराई त्या यंत्राने दाखवली, ती आपल्याला साधलेली नाही. तोवर फोम त्याच्या वाट्याला आणि पदर आपल्या.